जान्हवीच्या डाव्या हाताचा भार

मी एक जुनी सागवानी दांडी आहे, मित्रांनो. लांबी बारा फूट, जाडी तुमच्या मुठीत मावेल एवढी. घाटकोपर पूर्वेला एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर एक हॉल आहे. तिथे आरशासमोरच्या भिंतीवर मी अठ्ठावीस वर्षं काढली. बॅले नावाचा परदेशी नाच शिकणारी मुलं सरावाच्या सुरुवातीला माझ्यावर एक हात ठेवतात आणि बाकीच्या अंगाला कामाला लावतात. खरं तर मला 'बार' म्हणतात. पण 'आमची मुलगी रोज दोन तास बारवर असते' असं एका आईनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं आणि त्यावरून इमारतीत जो गोंधळ उडाला, तेव्हापासून आमच्याकडे सगळे मला दांडीच म्हणू लागले.

मला घडवलं सीताराम परबांनी. ते गिरणीत सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर ते मुलुंडला आले आणि मिळेल ते लाकूडकाम करू लागले. त्यांची मुलगी रुचिरा. तिची आई एका मुलींच्या शाळेत आया होती आणि त्या शाळेत दर शनिवारी एक पारशी बाई बॅले शिकवायच्या. आईची वाट बघत दाराबाहेर उभी असलेली रुचिरा आतल्या मुलींच्या नकला करायची. एकदा बाईंनी ते पाहिलं आणि तिला दंडाला धरून आत घेतलं. सतराव्या वर्षी ती शिष्यवृत्तीवर बल्गेरियाला गेली. तिथल्या एका नाट्यगृहात सहा वर्षं नाचली. मागच्या रांगेत, डावीकडून आठवी. मग गुडघा गेला आणि ती परत आली.

वडिलांनी तिला काहीच विचारलं नाही. 'क्लास काढते' म्हणाली तेव्हा त्यांनी कुठूनसा सागाचा वासा आणला आणि पंधरा दिवस रंधा मारत बसले. मला भिंतीवर चढवायच्या आधी त्यांनी विचारलं, "गो बाय, हेच्यार भार कितको येतलो?"

रुचिरा हसली. म्हणाली, "भार यायलाच नको, बाबा. हात फक्त ठेवायचा असतो. दांडीवर भार आला, की समजायचं पाय दगा देतोय."

"तरी पण," सीताराम म्हणाले, "चार माणसा लोंबाकळली तरी मोडूची नाय, अशी केलंय."

अशी मी भिंतीवर लागले. पहिल्या वर्षी सात मुली होत्या, तिसऱ्या वर्षी तीस. मला रोज ओल्या फडक्यानं पुसायचे, महिन्यातून एकदा जवसाचं तेल लावायचे. हजारो हात माझ्यावरून गेले. घामट हात, नखं खाल्लेले हात, मेंदी लावलेले हात. चेहरे मला कधी नीट दिसले नाहीत, कारण मुलं आरशात बघत असायची आणि मला त्यांची पाठ. पण हात मी ओळखायची. कोण घरून रडून आलंय, कोण परीक्षेच्या धाकात आहे, कोणाचं लक्ष दारातल्या चपलांकडे आहे, ते मला बोटांवरून कळायचं. आणि कोणाचा पाय दुखतोय, हे तर सगळ्यांत आधी मला कळायचं. दुखऱ्या पायावर उभं राहायचं टाळण्यासाठी माणूस नकळत हातावर भार टाकतो. मुलांना वाटतं, कोणाला दिसत नाही. दिसतही नाही. पण मला जाणवतं.

दहा-बारा वर्षांनी क्षमा आली. क्षमा ही रुचिराची लहानपणची मैत्रीण, त्याच पारशी बाईंची विद्यार्थिनी. पार्ल्याच्या डॉक्टरांची मुलगी. ती जर्मनीत नाचली होती आणि मागच्या रांगेत नव्हे, पुढे, एकटी. चाळिशी जवळ आल्यावर ती परत आली, एक दिवस क्लास बघायला म्हणून वर आली आणि राहिलीच. रुचिरा पाय शिकवायची, क्षमा नाच शिकवायची. रुचिरा म्हणायची, "घाई करू नकोस." क्षमा म्हणायची, "अगं, मग कधी करणार?" दोघींचं रोज वाजायचं आणि रोज दोघी एकाच डब्यातून पोहे खायच्या.

क्षमाची एक गोष्ट मुलांच्या फार आवडीची होती. एकोणीस वर्षांची असताना तिच्या पावलाच्या हाडाला चीर गेली होती. ऐन प्रयोगाच्या दिवशी. गुरू म्हणाले, "चारच मिनिटं आहेत." ती चार मिनिटं नाचली आणि पुढे तिला मुख्य भूमिका मिळू लागल्या. मुली टाळ्या वाजवायच्या. नंतरचे आठ महिने ती प्लास्टरमध्ये होती, हे ती सांगायची नाही. जिना उतरताना ती अजून एक पाय आधी टाकते आणि दुसरा मागून आणते, हे मुलींच्या लक्षात यायचं नाही. रुचिरा ती गोष्ट चालू असली, की खिडकीपाशी जाऊन उभी राहायची.

आणि मग जान्हवी आली.

जान्हवी लोके. गोवंडीची. आई रुक्मिणी शाळांचे गणवेश शिवायची आणि तयार गठ्ठे द्यायला आमच्या इमारतीखालच्या दुकानात यायची. वडील रतन गोरेगावच्या स्टुडिओत लाइटमन. मुलगी आठ वर्षांची. गठ्ठ्यावर बसून वरून येणारं पियानोचं संगीत ऐकायची. एक दिवस आईचा डोळा चुकवून ती जिना चढून आली आणि दारात उभी राहिली. रुचिरानं तिला पाहिलं, आणि माझ्यावर हात टेकवून काही क्षण तशीच थांबली. मग दाराशी गेली आणि तिला आत घेऊन आली.

रुक्मिणी धावत वर आली. "मॅडम, सॉरी हां. ही ना, ऐकतच नाही."

"उद्यापासून चार वाजता पाठवा," रुचिरा म्हणाली.

"आम्हाला यातलं काही कळत नाही, मॅडम."

"तुम्हाला कळायची गरज नाही. आम्ही आहोत ना."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, मित्रांनो. म्हणजे मला कान असते तर.

जान्हवीची उंची तेव्हा इतकी कमी होती, की माझ्यावर हात ठेवायला तिला खांदा वर करावा लागायचा. दोन वर्षांत तो सरळ झाला. कोविडच्या काळात ती घरी स्वयंपाकाच्या ओट्याची कड धरून सराव करायची आणि रतन फोन हातात धरून उभा राहायचा. परत आली तेव्हा तिचा हात मी लगेच ओळखला. तो हात पिसासारखा हलका होता. असे हात मी माझ्या अख्ख्या आयुष्यात तीनच पाहिले. एक रुचिराचा, एक क्षमाचा, आणि हा.

जान्हवी चौदा वर्षांची झाली त्या वर्षी एक मोठं पत्र आलं. तरुण नर्तकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदाच मुंबईत होणार होती, डिसेंबरात, अंधेरीच्या एका नाट्यगृहात. नऊ देशांतून मुलं येणार. स्पर्धकांना मार्गदर्शन करायला जुने नामांकित नर्तक बोलावले होते, आणि आपल्याकडून रुचिरा आणि क्षमा. रोज सकाळी मुलांचा सराव घ्यायचा, रंगमंचावरची तालीम बघायची, प्रत्येकाला कुठे सुधारायचं ते सांगायचं. गुण देणारे परीक्षक वेगळे. स्वतःची विद्यार्थिनी उतरली तर तिच्या वेळी प्रेक्षागृहात बसायचं नाही, असा नियम होता. पंधरा वर्षांच्या आतल्या गटातल्या पहिल्या मुलीला युरोपातल्या एका निवासी शाळेत दोन वर्षं शिकायला मिळणार होतं.

क्षमानं पत्र दोनदा वाचलं. "रुचे, पोरगी जानेवारीत पंधराची होतेय. हीच एक संधी."

"माहीत आहे," रुचिरा म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. जान्हवीनं नेहमीसारखा डावा हात माझ्यावर ठेवला आणि मी दचकले. हात जड होता. फार नाही, पाव किलोचं वजन ठेवावं इतकाच. पण जान्हवीचा हात आणि पाव किलो? दुसऱ्या दिवशी आणखी जड. आठवड्याभरात ती मला धरू लागली. अंगठा खालून वळवून, मूठ आवळून. डाव्या पायावर उभं राहायची वेळ आली, की तिची बोटं पांढरी पडायची. वरच्या अंगात मात्र काही फरक नव्हता. मान तशीच उंच, चेहऱ्यावर तेच हसू. आरशाला ते हसू दिसायचं. मला मूठ.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी त्याच दिवशी ओरडले असते.

एका दुपारी ती सगळ्यांच्या आधी आली, खाली बसली आणि पावलाला चिकटपट्टी गुंडाळू लागली. तेवढ्यात क्षमा वर आली.

"काय झालंय?"

"काही नाही, ताई. थोडं दुखतं."

"कधीपासून?"

"पंधरा-वीस दिवस."

क्षमानं तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि मधल्या हाडावर अंगठा दाबला. जान्हवीचा श्वास अडकला. क्षमाचा चेहरा उतरला. तिला ते दुखणं ओळखीचं होतं.

"एक्स-रे काढायला हवा."

"नको ना ताई, प्लीज. एक्स-रे काढला तर रुचिराताई माझं नाव मागे घेतील. पुढच्या वर्षी मी मोठ्यांच्या गटात जाणार. अठरा वर्षांच्या मुली असतात तिथे. मग माझा नंबर कधी लागणार?"

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, तो ओरडून पुढे गेला.

"तुझा नाच किती मिनिटांचा?" क्षमानं विचारलं.

"दोन मिनिटं दहा सेकंद."

"ठीक आहे. तोवर उड्या बंद. पाय जपायचा. स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी मी स्वतः तुला डॉक्टरकडे नेईन."

"आणि रुचिराताईंना?"

"मी बघते."

क्षमा दुष्ट नव्हती, मित्रांनो. जान्हवीवर तिचा जीव होता. स्वतःच्या चार मिनिटांतून तिला सगळं मिळालं होतं आणि तेच या मुलीला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. त्यापायी काय गेलं, हे तिनं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सराव चालू असताना रुचिरा माझ्या कडेनं चालत आली आणि जान्हवीपाशी थांबली. तिनं आपला तळहात जान्हवीच्या मुठीवर ठेवला. दोघींच्या हातांखाली मी होते.

"भार का देतेस गं?"

"दमलेय, ताई. रात्री अभ्यास होता."

रुचिराचा हात हलला नाही. तिनं मान वळवून हॉलच्या पलीकडे क्षमाकडे पाहिलं. क्षमानं टेपच्या बटणाशी उगाच खटपट केली. मला वाटलं, आता रुचिरा खाली वाकेल, चिकटपट्टी बघेल, बस म्हणेल. तिचा हात थंड पडला होता. ती म्हणाली, "लवकर झोपत जा." आणि पुढच्या मुलीकडे गेली.

दुसरा प्रश्न तिनं विचारला नाही.

स्पर्धेच्या ठिकाणी सरावाच्या दांड्या कमी पडत होत्या. आयोजकांनी आणलेल्या ॲल्युमिनियमच्या दांड्या हलत होत्या. म्हणून रुचिरानं मला भिंतीवरून काढलं. रतननं स्टुडिओतला टेम्पो आणला, मला गोधडीत गुंडाळलं आणि लिंक रोडनं आम्ही अंधेरीला निघालो. वाटेत तो ड्रायव्हरला सांगत होता, "आपली पोरगी हिच्यावरच शिकली, बरं का. आठ वर्षांची असल्यापासून." भिंतीवर लागल्यापासून मी पहिल्यांदाच बाहेर पडले होते. मला आनंद व्हायला हवा होता.

रंगमंचामागच्या मोठ्या खोलीत मला सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर बसवलं. किती देशांचे हात आले माझ्यावर! काही मुलं झोप न झाल्यानं डुलत होती. काही आपापल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. रुचिरा आणि क्षमा त्यांच्यामधून फिरत होत्या. दोघींना भाषेची अडचण नव्हती, नुसत्या हातानं कमरेला, खांद्याला स्पर्श करून त्या सांगायच्या आणि मूल लगेच सुधारायचं. परदेशी गुरू कौतुकानं बघत होते. त्या दोन दिवसांत मी त्या दोघींना पुन्हा तरुण झालेलं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीलंकेहून आलेल्या एका मुलीपाशी रुचिरा थांबली. नेथमी तिचं नाव, तेरा वर्षांची. रुचिरानं तिचा गुडघा पाहिला, हात लावला, आणि सरळ बाजूला काढलं. डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "आज नाचायचं नाही." मुलीची आई रडू लागली. दोन वर्षं तयारी केली, इतक्या लांबून आलो, एकच नाच आहे, नाचू द्या, म्हणाली. रुचिरा तिच्यासमोर उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मी नाचू देणार नाही. आज तुम्ही मला शिव्या द्या, चालेल. दहा वर्षांनी ती आपल्या पायांनी चालत असेल."

क्षमा खाली बघत होती. जान्हवी चार हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मग तिनं आपला डावा हात माझ्यावरून उचलला, कमरेवर ठेवला, आणि आधाराशिवाय सराव करू लागली. कपाळावरून घाम ओघळत होता. बघणाऱ्यांना वाटलं, काय तोल आहे मुलीचा! टाळ्या वाजल्या. त्यानंतर तिनं मला पुन्हा हात लावला नाही.

परक्याच्या मुलीला थांबवणं रुचिराला जमलं. याचा मी आजही विचार करते. धैर्य तिच्याकडे होतं. पण आपल्या मुलीच्या बाबतीत तिला आशा होती, आणि त्या आशेपुढे धैर्य गळून पडलं.

दुपारी चार वाजता जान्हवीचा नाच होता. नियमाप्रमाणे रुचिरा आणि क्षमाला आत बसता येत नव्हतं. क्षमा बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. रुचिरा माझ्याजवळ थांबली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. भिंतीवरच्या लहान स्पीकरमधून रंगमंचावरचं संगीत ऐकू येत होतं. रतनला ओळखीनं आत प्रकाशाच्या टेबलापाशी उभं राहायला मिळालं होतं. रुक्मिणी सहाव्या रांगेत होती. नवीन साडी नेसून.

संगीत सुरू झालं. रुचिरानं दोन्ही हात माझ्यावर ठेवले. ती पुटपुटत मात्रा मोजत होती. कुठे गिरकी, कुठे थांबणं, कुठे मान, सगळं तिच्या बोटांतून मला कळत होतं. एक मिनिट झालं. दीड मिनिट. शेवटी एक मोठी उडी होती आणि ती डाव्या पायावर उतरायची होती. ती जागा जवळ येऊ लागली तसे रुचिराचे हात जड होत गेले. इतक्या वर्षांत तिनं माझ्यावर कधी भार टाकला नव्हता. आता ती माझ्यावर अक्षरशः लोंबत होती. "नको मारूस," ती म्हणाली. "नको मारूस गं उडी. चालत जा. नुसती चालत जा."

स्पीकरमधून धप्प असा आवाज आला.

संगीत थांबलं नाही. वीस सेकंद तो पियानो तसाच वाजत राहिला, सुंदर, जणू कोणी नाचतंय. नंतर मला कळलं, की त्या वीस सेकंदांत जान्हवीनं उठायचा दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा पडली तेव्हा रतननं टेबलाशी बसलेल्या माणसाला बाजूला ढकललं आणि स्वतःच्या हातानं सगळा प्रकाश विझवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींवर उजेड टाकणाऱ्या माणसानं आपल्या मुलीवर अंधार पांघरला. लोकांनी तिला तसं बघू नये म्हणून.

पावलाचं मधलं हाड पूर्ण तुटलं होतं. चीर आधीच होती, डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिन्यापूर्वीची. तेव्हाच सहा आठवडे प्लास्टर घातलं असतं तर भरून आली असती. आता दोन स्क्रू. ती चालेल, म्हणाले. जिने चढेल. पण बोटांच्या टोकावर उभी राहणार नाही. कधीच नाही.

मला परत भिंतीवर लावलं. जानेवारीतल्या एका दुपारी रुक्मिणी जान्हवीची पिशवी न्यायला आली. रुचिरा आणि क्षमा दोघी होत्या. पिशवीत बोटांच्या टोकावर नाचायचे पॉइंट शूज होते, केसांच्या पिना, पाण्याची बाटली. रुक्मिणीनं शूज बाहेर काढून खुर्चीवर ठेवले आणि बाकीची पिशवी खांद्याला लावली.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"डॉक्टर बोलले, आधीपासून होतं. तुम्हाला माहीत होतं?"

"मला माहीत होतं," क्षमा पटकन म्हणाली. "रुचिराला नाही. चूक माझी—"

"मला माहीत होतं," रुचिरा म्हणाली.

रुक्मिणी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मान हलवत राहिली, गणवेशाचं माप चुकल्यावर हलवावी तशी. "आम्हाला यातलं काही कळत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून तुमच्या हातात दिलेली ना."

ती जिना उतरून गेली. बराच वेळ तिच्या चपलांचा आवाज येत होता.

क्षमानं दुसऱ्या दिवसापासून येणं बंद केलं. एकेक करून मुलीही गळाल्या. पालकांना कुणकुण लागली होती. उन्हाळ्यापर्यंत पाच राहिल्या, मग दोन. रुचिरानं एका शुक्रवारी त्या दोघींना नीट समजावलं आणि क्लास बंद केला. तरी ती रोज चारला यायची, कुलूप उघडायची, खुर्चीत बसायची आणि सहाला जायची. मला पुसायची नाही. माझ्यावर धूळ बसू लागली.

स्पर्धेच्या समितीला तिनं एक सूचना लिहून पाठवली. प्रत्येक मुलाची सरावाच्या आधी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, आणि मूल नाही म्हणालं तरी व्हावी. एक दिवस फोन आला. ती उभी राहून ऐकत होती. "हो... हो, वेळापत्रकात बसत नाही, समजलं... नाही, पुढच्या वर्षी मी येऊ शकणार नाही." फोन ठेवून ती पुन्हा बसली.

दर गुरुवारी ती गोवंडीला जायची. हे मला क्षमा शेवटची आली तेव्हा कळलं. हॉल आता व्यायामशाळेला द्यायचं ठरलं होतं. क्षमा आपली पुस्तकं न्यायला आली होती. तिचे केस वर्षभरात पांढरे झाले होते.

"जाऊन काय करतेस?" क्षमानं विचारलं.

"बसते. रुक्मिणी चहा देते. जान्हवी आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. कॉलेजला जाते म्हणे, कॉमर्सला. तिथे कोणाला सांगितलेलं नाही, नाचायची म्हणून." रुचिरा थांबली. "गेल्या गुरुवारी रुक्मिणी म्हणाली, मॅडम, तुम्ही आलात की ती दोन दिवस जेवत नाही. आता नका येऊ."

क्षमा पुस्तकं बांधत राहिली. मग एकदम म्हणाली, "रुचे, तू त्या दिवशी मला विचारलं असतंस, तर मी सांगितलं असतं. आईशप्पथ सांगितलं असतं."

"मला ते ठाऊक होतं," रुचिरा म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलं."

क्षमानं पुस्तकांचा गठ्ठा उचलला. क्षमा जिना उतरली, एक पाय आधी, दुसरा मागून. रुचिरा तिला पोचवायला खाली गेली नाही.

आता मी त्या इमारतीच्या गच्चीत, पाण्याच्या टाकीला टेकून पडले आहे. ऊन लागून माझा रंग उडाला आहे आणि एका टोकाला वाळवी लागली आहे. व्यायामशाळेवाल्यांना माझा उपयोग नाही. रुचिरा मला न्यायला आली नाही, आणि येऊही नये. तिच्या घरात मला बघून तिला काय वाटेल, ते मला कळतं. खालच्या मजल्यावरून आता दुसरंच संगीत येतं, धाडधाड वाजणारं. लोखंड उचलणाऱ्या माणसांचं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, मी आता म्हणेन की जुन्या वस्तूंची काळजी घ्या. माझी नका घेऊ. मी लाकूड आहे, मला दुखत नाही. तुम्ही लहान आहात, तुम्हाला दुखलं तर तुम्ही सांगाल किंवा लपवाल. लपवलंत म्हणून मी तुम्हाला रागावणार नाही. जान्हवीनं लपवलं, कारण तिला नाचायचं होतं, आणि त्यात तिचा काही गुन्हा नव्हता. पण तुमच्यातला प्रत्येक जण उद्या मोठा होणार आहे. कोणाचा भाऊ, कोणाची ताई, कोणाचा तरी शिक्षक. तेव्हा एखादं मूल तुमच्यासमोर उभं राहील आणि हसून म्हणेल, "काही नाही, दमलोय." तुम्हाला मनातून कळलेलं असेल. आणि ते खरं निघालं तर तुमचंही काहीतरी बुडणार असेल. त्या वेळी पुढच्या मुलाकडे जाऊ नका. तिथेच थांबा. खाली वाका. पाय हातात घ्या आणि दुसऱ्यांदा विचारा.